थोरलीचं ताट

१

थोरलीला वाटलं होतं, या घरात नाताळ आपल्यालाच आणावा लागेल, बॅगेत भरून.

सात वर्षांपूर्वी ती शिकायला निघाली तेव्हा घरी सण म्हणजे बाबांचं दुकान अर्धा दिवस बंद आणि आईच्या हातचं जरा बरं जेवण, इतकंच. कुणी कुणाला भेट द्यायचं नाही, कुणी दोन शब्द गोड बोलायचं नाही. जेवण झालं की बाबा खाली जाऊन पुन्हा फ्रेमच्या पट्ट्या कापायला बसायचे. दूर, परक्या शहरात ती परक्यांच्या घरी नाताळला जेवली, त्यांच्या टेबलाभोवतीचा गोंगाट ऐकला आणि दर वर्षी खोलीवर परतताना ठरवत गेली, की आपण हे घरी न्यायचं. नुसतं सजावटीचं सामान नव्हे. एकत्र बसणं न्यायचं. परतीच्या प्रवासात तिनं वहीत यादी केली: केक सगळ्यांनी मिळून करायचा, भेटवस्तू हातानं बनवायच्या, जेवणाआधी प्रत्येकानं वर्षातली एक चांगली गोष्ट सांगायची. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: कुणीही एकटं जेवणार नाही.

घरी येऊन पाहते तर इथं पद्धत आधीच पडलेली होती. पक्की, रुळलेली, कुणाला सांगावी न लागणारी.

"यंदाचा नाताळ माझ्याकडे," आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात म्हणाली. "आपल्या घराची स्वतःची अशी एक पद्धत पाडू या."

आई बटाटे सोलत होती. सुरी थांबली. "पद्धत आहे आपल्याकडे."

"कुठली?"

"आहे," आई म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

बाबांची थोरली बहीण, आत्या, खिडकीशी बसून मोजे रफू करत होती. ती खो-खो हसली. "सात वर्षांनी उगवली आणि घराला वळण लावायला निघाली! अगं बाई, आधी बॅग तरी उघड. की तीही आम्हीच उघडायची?"

हसणं नेहमीचंच होतं. फक्त हसता हसता आत्यानं एकदा मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

२

घर दुकानाच्या वर होतं. खाली बाबांचं फ्रेमचं काम: लाकडाचा भुसा, सरसाचा वास, भिंतीला टेकवलेल्या काचा. वर चार खोल्या. मागची खोली पूर्वी थोरलीची होती. आता तिथं न नेलेल्या फ्रेमा ठेवत. लोक फोटो टाकून जात, परत येत नसत आणि बाबांना फेकवत नसे. मग त्या सगळ्या फ्रेमा तोंडं भिंतीकडे करून मागच्या खोलीत. थोरलीची झोपायची सोय धाकटीच्या खोलीत केली होती. तिनं तक्रार केली नाही. सात वर्षं कोण खोली रिकामी ठेवतं?

तिला खटकलं ते कॅलेंडर.

फ्रिजशेजारी खिळ्याला लटकलेल्या डिसेंबरच्या पानावर पंचवीस तारखेच्या चौकोनात आईच्या अक्षरात एकच शब्द होता: धाकटी. दूधवाल्याचं, गॅसचं जसं लिहितात तसा. त्याच खिळ्याला खाली जुनी कॅलेंडरं तशीच अडकवलेली होती. आईला काही टाकवत नसे. थोरलीनं सहज मागची पानं उलटली. गेल्या डिसेंबरात, त्याच चौकोनात, 'मी'. त्याच्या आधीच्या वर्षी 'हे'. त्याच्या आधी 'आत्या'. मग पुन्हा मी, हे, आत्या. सहा वर्षं ओळीनं. सातवं, म्हणजे ती गेली ते वर्ष, कोरं.

भांडी घासायची पाळी असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण वर्षातून एकदाच भांडी कोण घासतं?

३

चोवीस तारखेला सकाळी दोघी बहिणी खाली दुकानात बसून पट्ट्यांचे तुकडे वेगळे करत होत्या. थोरलीला त्यांच्या चांदण्या करायच्या होत्या. धाकटीला नुकतंच चौदावं लागलं होतं. थोरली गेली तेव्हा ती सहा वर्षांची, पायाला मिठी मारून बसलेली. आता तिची सगळी नखं कुरतडून बोटांत गेली होती.

"ताई," ती तुकड्यांकडे बघत म्हणाली, "तू आलीस. म्हणजे आता आत जावं लागणार नाही ना?"

"कुठे आत?"

"मागच्या खोलीत. ताट घेऊन. यंदा माझी पाळी आहे." मग एकदम घाईघाईनं, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी: "दोन ताटं न्यायची. एक आपलं. दार ओढून घ्यायचं. ताटाकडे बघायचं, तिच्याकडे बघायचं नाही. बाहेरच्यांचं जेवण होईपर्यंत उठायचं नाही. आपण आधी उठायचं, आपण आधी बाहेर यायचं. हे बाबांनी तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून."

थोरलीच्या हातातली पट्टी हातातच राहिली. "तिच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

धाकटीनं वर बघितलं. "तुझ्याकडे," ती म्हणाली. मग तिचे डोळे भरले. "नाही, म्हणजे, तुझ्याकडे नाही. ताई, मला नाही जायचं."

थोरलीनं तिचे दोन्ही हात धरले. ज्या भाषणांवर तिनं परक्या शहरात टाळ्या घेतल्या होत्या ती सगळी तिच्या ओठांवर आली: मुलांवर लादलेली भीती, घराघरांतली मुकी जबरदस्ती. पण ती इतकंच म्हणाली, "तू आत जाणार नाहीस. माझा शब्द आहे तुला."

४

आत्यानं काहीच लपवलं नाही. मोज्यावरची नजर न काढता तिनं हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगून टाकलं.

"तू गेलीस त्या वर्षीची गोष्ट. तुझ्या आईनं सवयीनं पाच ताटं वाढली. माणसं चार. मग बसली रडत. मी म्हटलं, अगं रडतेस काय, ठेव तिच्या खोलीत, खाईल ती. चेष्टेनं म्हटलं हो मी. माझं तोंड हे असं. तिनं खरंच ठेवलं. जेवून बघतो तर ताट रिकामं."

"उंदीर असतील."

"काटा-चमचा उभा जोडून ठेवला होता, उजव्या अंगाला. तू ठेवतेस तसा. शिकलेले असतील उंदीर, तुझ्यासारखे."

"मग बंद का नाही केलंत?"

"केलं ना. पुढच्या वर्षी चारच वाढली. तर आतून चमचा वाजायला लागला. रागानं नव्हे गं. मूल भुकेलं की वाजवतं तसा. तुझी आई ऐकत बसेल होय? मीच गेले ताट घेऊन. म्हटलं, एकटीनं कशी जेवेल, बसावं जरा."

"आणि?"

"आणि काय? गप्पा मारल्या."

"कुणाशी?"

आत्यानं दोरा दातानं तोडला. "तुझ्याशी. चांगली बोलतेस हो तू आत. माझे गुडघे कसे आहेत ते विचारतेस. फोनवर कधी विचारलंस?"

थोरली दर रविवारी फोन करी. दहा मिनिटं. त्यातली आठ स्वतःच्या अभ्यासाबद्दल. तिला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि त्या रागातच तिला सगळं उमगल्यासारखंही वाटलं. चार माणसं, एका मुलीची आठवण, आणि आठवणीला ताट वाढता वाढता लागलेलं वेड. अशा गोष्टींवर तिनं जाडजूड पुस्तकं वाचली होती. अशा घरांना ओरडून उपयोग नसतो. दार उघडावं लागतं.

५

बाबा काच कापत होते. हिऱ्याचं टोक पट्टीच्या कडेनं ओढलं की बारीक किर्र आवाज येई. त्यांनी काच उचलून टेबलाच्या कडेवर मोडली, नीट, सरळ.

"बाबा, उद्या धाकटी आत जाणार नाही. कुणीच जाणार नाही. मी आले आहे, तेव्हा ते ताट आता कुणासाठी?"

बाबांनी मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"मागच्या खोलीचं दार उघडं राहील. सगळे एका टेबलावर बसतील. आपल्या घरात यापुढं कुणीही एकटं जेवणार नाही. ही आपली नवी पद्धत."

बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर तिनं राग अपेक्षिला होता. तिथं वेगळंच काही होतं. खांद्यावरचं ओझं कुणीतरी आपण होऊन मागितल्यावर हमालाच्या तोंडावर येतं, तसं.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"दार तू उघडशील? तुझ्या हातानं?"

"मीच उघडेन."

"बरं," बाबा म्हणाले. "आम्हाला ते जमलं नसतं." आणि त्यांनी पुढची काच ओढली.

इतक्या सहज जिंकल्याचा थोरलीला अभिमान वाटला. जिना चढता चढता ती गुणगुणत होती.

६

नाताळच्या दिवशी अकरा वाजता तिनं मागच्या खोलीचं दार सताड उघडलं. उजेड आत पडला. भिंतीला पाठमोऱ्या फ्रेमा, मधे छोटं टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. बस्स. तिनं हसून मागे पाहिलं. आई, आत्या, धाकटी तिघी बैठकीत एका रांगेत उभ्या होत्या, फोटोला उभं राहावं तशा.

"बघा. काही आहे का?"

फ्रेमांवर धूळ होती. टेबलावर धूळ होती. दारासमोरच्या खुर्चीची बैठक तेवढी लख्ख होती. आई पुसत असेल, तिनं मनाशी म्हटलं.

एक वाजता सगळे बसले. कोंबडी, भाजलेले बटाटे, गरम पाव. मधोमध लाकडी चांदण्या. पाच माणसं, पाच खुर्च्या. आईनं ताटं वाढली आणि सहावं हातात धरून उभी राहिली.

"आई, अगं कुणाला?"

"राहू दे. सवय आहे."

थोरलीला त्या क्षणी आईची इतकी माया आली की तिला ते ताट नाकारवेना. आणि खरं सांगायचं तर आपल्या मनाच्या मोठेपणाची तिला भुरळही पडली. एकदा शेवटचं, हसत-खेळत, सगळ्यांसमोर करून टाकावं, म्हणजे त्यातलं विष निघून जाईल. "ठेव," ती म्हणाली. "तिलाही बोलावू! आमच्यात बस म्हणू. थांबा, आतली खुर्ची आणते."

कुणी हललं नाही. धाकटीनं तेवढा तिचा हात पकडला. "ताई, मी आणते ना."

"वेडी. तुला शब्द दिलाय मी," थोरली म्हणाली, आणि आत गेली.

लख्ख बैठकीच्या त्या खुर्चीच्या पाठीला धरून तिनं ती उचलली. उचलेना. अडकली असेल म्हणून तिनं खाली वाकून बघितलं. चारही पाय मोकळे होते. पुन्हा जोर लावला. माणूस बसलेली खुर्ची जशी जड लागते, तशी ती जड होती.

मग ती एकदम हलकी झाली. कुणीतरी उठल्यावर होते तशी.

थोरलीचा तोल गेला आणि ती भिंतीशी फ्रेमांवर आपटली. एक फ्रेम उलटली. आतला फोटो कुणाचा होता ते तिनं पाहिलंच नाही. काचेत उघडं दार दिसत होतं, दारातून टेबल दिसत होतं, आणि टेबलाभोवती डोकी. तिनं मोजली. पाच.

बाहेर गोष्टी सांगायला सुरुवात झाली होती. "माझी यंदाची चांगली गोष्ट," तिच्याच आवाजात कुणी सांगत होतं, "म्हणजे मी घरी आले." तिनं अगदी हेच वाक्य ठरवलं होतं, रात्री मनात घोळवून. पण त्या आवाजानं पुढं विचारलं, "आत्या, गुडघ्याला उशी देऊ?" ते तिला सुचलं नसतं.

आई हसली. आल्यापासूनच्या इतक्या दिवसांत थोरलीनं ते हसू एकदाही ऐकलं नव्हतं. काचेत तिला आईचा हात दिसला. समोरच्या पाठमोऱ्या डोक्यावरचे केस तो सारखे करत होता. सकाळी तिनं घातला तसाच अंबाडा. मानेवर मात्र केस नव्हते आणि कातडी जरा जास्तच गुळगुळीत होती, पुसून पुसून होते तशी. ते डोकं वळायला लागलं, तशी थोरलीनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा धाकटी दारात होती. हातात सहावं ताट. तिनं ते छोट्या टेबलावर ठेवलं.

"चिमणे," थोरली म्हणाली, "अगं, इकडे बघ. मी आहे."

धाकटीची नजर ताटावरून हलली नाही. ओठ पुटपुटत होते, बाबांनी पाठ करून घेतलेलं. मग ती मागं मागं गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

दाराला कडी नव्हती. थोरलीनं ढकललं असतं तर ते उघडलं असतं. ती हात दाराला लावून उभी राहिली आणि ऐकत राहिली: चमचे, बाबांचा मोकळा झालेला आवाज, आत्याची चेष्टा, आणि त्या चेष्टेला तिच्यापेक्षा चांगलं उत्तर देणारं तिचंच हसणं. आपण बाहेर गेलो तर बसायला जागा कुठं आहे, एवढाच प्रश्न तिच्या शिकलेल्या डोक्यात फिरत होता. उन्हं उतरली तेव्हा तिला भूक लागली. तिनं ताटातलं सगळं खाल्लं.

७

सकाळी ती बाहेर आली. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"आई."

हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "ताट आणलंस? ठेव तिथं."

"आई, मी आहे गं. मी खरी."

"हो गं बाळा. तूही आहेस. नाही कुठं म्हणाले?"

"मग माझ्याकडे बघ ना एकदा."

"सात वर्षं तुझा नुसता आवाजच होता आमच्याकडे. दर रविवारी, दहा मिनिटं," आई म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, हेच वाईट होतं. "आवाजाची सवय आहे मला तुझ्या. त्यात मला काही अवघड नाही."

"ती कुठं आहे?"

"खाली. ह्यांना कोपरे जुळवू लागतेय. पहाटेच उठली."

खालून हातोडीचे ठोके येत होते. दोन हातोड्या, एकीला दुसरीची साथ. आल्यापासून आपण एकदाही हातोडी हातात घेतली नाही, हे थोरलीला तेव्हा आठवलं.

धाकटी टेबलाशी कप धरून बसली होती, नजर कपात. थोरली तिच्यासमोर जाऊन गुडघ्यावर बसली. "ऊठ. कपडे भर. माझ्याबरोबर चल. मी शिकले तिथं राहू आपण दोघी."

"नको."

"घाबरू नकोस."

"मी गेले तर माझं ताट वाढतील इथं," धाकटी कपाला म्हणाली. "मग माझ्यासारखी कुणीतरी येईल." थोडं थांबून, फार हळू: "आणि ती चांगली आहे, ताई. रात्री माझ्या शेजारी झोपली. तू सारखी मला काहीतरी शिकवत असतेस. तिनं नुसते हात धरले."

आईनं हात पुसले आणि खिळ्यावर नवं कॅलेंडर अडकवलं. सवयीनं शेवटचं पान काढलं, कानामागची पेन्सिल घेतली. "यंदाची पाळी काही तुझी धरायची नाही हो," ती धाकटीला म्हणाली. "झालीच नाही ती." आणि तिनं पंचविसाव्या चौकोनात पुन्हा लिहिलं: धाकटी.

जिन्याचं दार उघडं होतं. बॅग दाराशीच होती, बंद. खाली रस्त्यावर दुकानं उघडत होती, कुणीतरी शटर वर ढकलत होतं. थोरली तिथं बराच वेळ उभी राहिली. शब्द दिलाय, तिनं स्वतःला सांगितलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते सांगताना तिला बहिणीचं पाठ केलेलं आठवलं, अक्षरशः, शेवटच्या वाक्यासकट: आपण आधी उठायचं, आपण आधी बाहेर यायचं.

पोर घाबरट होती. ताटाकडे बघत बसली असती. तिच्या आधी उठणं काही कठीण नव्हतं.

थोरलीनं बॅग उचलली आणि ती जिन्याकडे न जाता मागच्या खोलीत गेली. लख्ख बैठकीची खुर्ची तिनं दारासमोर नीट लावली, दारापासून दोन पावलांवर, आणि बसून पाहिलं. मग उठून पाहिलं. दोन पावलं. पुन्हा बसली. पुन्हा उठली. फक्त एक वर्ष होतं मधे. हात लांब करून तिनं दार आतून ओढून घेतलं आणि पुढच्या नाताळपर्यंत थांबायचं ठरवलं.